बांधलेले तांबे : त्वचा आणि केसांच्या एका शास्त्राची प्रस्तावना

कॉपर पेप्टाइडचे द्रावण निळे असते, आणि तो निळा रंग कोणी वरून घातलेला नसतो. ग्लायसिन, हिस्टिडिन आणि लायसिन ही तीन अमिनो आम्ले एकापुढे एक जोडली की जी छोटी साखळी तयार होते, तिच्यात नायट्रोजनचे तीन अणू अशा जागी येतात की तांब्याचा एक आयन त्यांच्यामध्ये नेमका बसतो. पहिला नायट्रोजन ग्लायसिनच्या टोकाचा, दुसरा ग्लायसिन आणि हिस्टिडिन यांना जोडणाऱ्या बंधातला, तिसरा हिस्टिडिनच्या कड्यातला. या पकडीतले तांबे प्रकाशातला नारिंगी-तांबडा भाग शोषून घेते आणि आपल्याला गडद, किंचित जांभळट निळा रंग दिसतो. मोरचुदाचे पाणीही निळेच असते, पण फिके. तिथे तांब्याभोवती पाण्यातल्या ऑक्सिजनचे सैल कडे असते. पकड बदलली की रंग बदलतो, आणि रंगाबरोबर तांब्याचे वागणेही बदलते. या विषयात जे काही शिकण्यासारखे आहे, ते बहुतेक सगळे या पकडीतून निघते. शरीराला तांबे हवे असते, पण मोकळे नको असते.

हे वाचायला घेणारे कोण असतील, याचा विचार करत मी ही प्रस्तावना लिहितो आहे. रसायनशास्त्राचे विद्यार्थी असतील, त्वचारोगशास्त्र शिकणारे डॉक्टर असतील, प्रसाधनांच्या कारखान्यातल्या प्रयोगशाळेत काम करणारे असतील. केस गळू लागले म्हणून औषधाच्या दुकानात निळी बाटली हातात घेऊन, तिची किंमत वाचून थबकलेलेही असतील. सगळ्यांचे मनापासून स्वागत. विषय लहान आहे, पण त्याच्या वाटा यकृतापासून मेंढीच्या लोकरीपर्यंत गेलेल्या आहेत आणि त्या चालून पाहण्यात खरा आनंद आहे. एवढेच आधी सांगतो की, या विषयाभोवती जाहिरातींचे दाट धुके आहे. ते बाजूला सारले की उरते ते कमी भरते खरे, पण जे उरते ते भक्कम आहे.

प्रौढ माणसाच्या सगळ्या शरीरात मिळून तांबे असते सुमारे १०० मिलिग्रॅम, चिमूटभरही नाही. तरी त्यावाचून त्वचा त्वचेसारखी राहत नाही. लायसिल ऑक्सिडेज नावाचे विकर कोलॅजन आणि इलॅस्टिनचे धागे एकमेकांना आडवे टाके घालून बांधते. त्या टाक्यांमुळे त्वचा ताणली तरी फाटत नाही आणि सोडली की जागेवर येते. या विकराच्या गाभ्यात तांबे आहे. टायरोसिनेज हे विकर त्वचेला आणि केसांना रंग देणारे मेलॅनिन बनवते. त्याच्याही गाभ्यात तांबे आहे. पेशीत तयार होणाऱ्या घातक ऑक्सिजन-कणांना निष्प्रभ करणारे सुपरऑक्साइड डिसम्युटेज मॅकॉर्ड आणि फ्रिडोविच यांनी १९६९ मध्ये ओळखले, तेही तांबे आणि जस्त यांच्यावर चालते. पण हेच तांबे मोकळे सुटले तर ते स्वतःच असे घातक कण निर्माण करते. नाशिकचे द्राक्षबागायतदार मोरचूद आणि चुना कालवून बोर्डो मिश्रण फवारतात, ते तांब्याच्या याच मारक शक्तीच्या भरवशावर. बुरशीच्या पेशीला जे मारते, ते माणसाच्या पेशीलाही सुखाचे नसते. म्हणून आपल्या शरीरात तांब्याचा जवळजवळ प्रत्येक कण कुठल्या ना कुठल्या प्रथिनाच्या ताब्यात असतो आणि एका हातातून दुसऱ्या हातात सोपवला जातो. कॉपर पेप्टाइडचा अभ्यास म्हणजे मुळात या सोपवण्याचा अभ्यास आहे.

तांबे नीट सोपवले गेले नाही तर काय होते, हे माणसांना पहिल्यांदा नीट कळले ते मेंढ्यांकडून. हा इतिहास मी थोडा सविस्तर सांगणार आहे, कारण केस आणि तांबे यांच्या नात्याचा याहून स्पष्ट पुरावा मला ठाऊक नाही. पश्चिम ऑस्ट्रेलियात १९३०च्या दशकात कोकरे जन्मतःच मागच्या पायांनी लडबडत चालू लागली. एच. डब्ल्यू. बेनेट्स या पशुवैद्याने त्याचे मूळ शोधले. तिथल्या जमिनीत तांबे कमी, म्हणून गवतात कमी आणि म्हणून मेंढीच्या अंगात कमी. त्या देशातल्या मेंढपाळांना आणखी एक गोष्ट दिसत होती. अशा मेंढ्यांच्या लोकरीतली बारीक नागमोड नाहीशी व्हायची आणि लोकर तारेसारखी सरळ, ताठ, तुटकी व्हायची. काळ्या मेंढीची लोकर पांढरी पडायची. चाऱ्यातले तांबे कधी कमी, कधी पुरेसे असे होत राहिले, तर काळ्या लोकरीवर पांढरे पट्टे उमटायचे. त्या मेंढीने वर्षभर काय खाल्ले ते लोकरीवर वाचता यावे इतके स्पष्ट. रंग जायचा तो टायरोसिनेजला तांबे मिळत नसल्यामुळे. नागमोड जायची ती केसातल्या केराटिनच्या साखळ्यांना एकमेकींशी बांधणारे गंधकाचे बंध नीट जुळत नसल्यामुळे.

आता तिथून न्यूयॉर्कला जाऊ. १९६२ मध्ये जॉन मेन्केस या डॉक्टरांनी एकाच कुटुंबातल्या पाच मुलग्यांच्या आजाराचे वर्णन प्रसिद्ध केले. मुले जन्मानंतर काही आठवड्यांत खुंटत, मेंदूचा ऱ्हास होई, लहानपणीच दगावत. त्यांचे केस विलक्षण असत : फिके, राठ, पीळ पडलेले, हात लावताच तुटणारे. आजाराला नाव मिळाले, कारण मिळाले नाही. दहा वर्षांनी, १९७२ मध्ये, मेलबर्नमधल्या डेव्हिड डँक्स या बालरोगतज्ज्ञाने असे केस पाहिले आणि त्यांना तांबे न मिळालेल्या मेंढ्यांची लोकर आठवली. त्यांनी मुलांच्या रक्तातले तांबे मोजले. ते फारच कमी होते. मेंढपाळांच्या देशात काम करणाऱ्या डॉक्टरालाच हे सुचावे, याचे मला आजही अप्रूप वाटते. पुढे १९९३ मध्ये या आजाराचे जनुक सापडले आणि सगळा उलगडा झाला. ही मुले अन्नातून तांबे खात होती, आतड्याच्या पेशी ते आत घेतही होत्या, पण पेशीतून पुढे रक्तात पोचवणारा प्रथिनांचा पंपच बिघडलेला होता. तांबे घरात येऊनही घरच्यांपर्यंत पोचत नव्हते. म्हणजे प्रश्न नुसत्या मात्रेचा नाही, वाहतुकीचा आहे. हे पक्के लक्षात ठेवले, तर पुढे बाजारातले निम्मे दावे वाचतानाच गळून पडतील.

कॉपर पेप्टाइड सापडले तेही त्वचेत नव्हे, रक्तात. सॅन फ्रान्सिस्कोतल्या कॅलिफोर्निया विद्यापीठात लॉरेन पिकार्ट हे तरुण संशोधक यकृताच्या पेशींवर काम करत होते. त्यांच्या सांगण्यानुसार, वयस्क माणसांच्या यकृतपेशी तरुणांच्या रक्तद्रवात ठेवल्या की त्या तरुण पेशींसारख्या वागू लागत. हे करणारा घटक कोणता, याचा माग काढत ते अल्ब्युमिनबरोबर सापडणाऱ्या एका अगदी लहान रेणूपर्यंत पोचले. मायकेल थॅलर यांच्यासह त्यांनी १९७३ मध्ये तो जाहीर केला. तोच ग्लायसिल-हिस्टिडिल-लायसिन, इंग्रजी आद्याक्षरांवरून जीएचके. तो तांब्याला धरतो आणि कदाचित पेशीत तांबे नेण्याचेच काम करतो, हा विचार पिकार्ट आणि सहकाऱ्यांनी १९८० मध्ये ‘नेचर’मध्ये मांडला. दुसऱ्याच वर्षी टोरांटोच्या हॉस्पिटल फॉर सिक चिल्ड्रनमध्ये लाउ आणि बिबुधेंद्र सरकार यांनी या पकडीची ताकद मोजली. हेच सरकार तांबे आणि हिस्टिडिन यांचे संयुग मेन्केसच्या आजारावर उपचार म्हणून पुढे आणणारे. त्यांच्या मोजमापातून निघाले ते असे : रक्तात तांबे धरून ठेवणाऱ्या अल्ब्युमिनची पकड आणि या तीन दुव्यांच्या साखळीची पकड जवळपास तोडीस तोड आहे. याचा अर्थ, जीएचके अल्ब्युमिनकडून तांबे घेऊ शकतो आणि पुढे देऊही शकतो. पकड फार सैल असती तर तांबे वाटेतच सांडले असते; फार घट्ट असती तर मुक्कामी पोचूनही सुटले नसते.

रक्तातला हा रेणू त्वचेकडे वळला तो फ्रान्समधल्या रीम्स शहरात. फ्रांस्वा-झाविए माकार आणि त्यांच्या गटाने १९८८ मध्ये दाखवले की त्वचेतल्या फायब्रोब्लास्ट पेशींना जीएचके-कॉपर दिले की त्या जास्त कोलॅजन बनवतात. याच गटाने १९९३ मध्ये उंदरांच्या जखमांमध्ये हाच परिणाम जिवंत प्राण्यात दाखवला. नंतर हेही दिसले की हे पेप्टाइड फक्त बांधकाम करत नाही. जुने, तुटके कोलॅजन कापून काढणाऱ्या विकरांना आणि त्या विकरांना आवर घालणाऱ्या प्रथिनांना, दोघांनाही ते हलवते. जखम भरताना पाडणे आणि उभारणे एकाच वेळी चालते, हे पाहता ते स्वाभाविकच म्हणायला हवे. पण माकार यांच्या लेखातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट वेगळीच आहे. जीएचके ही तीन अमिनो आम्लांची जोडणी खुद्द कोलॅजनच्या एका साखळीत आधीपासून आहे. जखम झाली, कोलॅजन तुटले, की त्यातून हा तुकडा मोकळा होत असावा आणि आसपासच्या पेशींना दुरुस्तीची वर्दी देत असावा, अशी त्यांची कल्पना. तुटलेल्या वस्तूतच दुरुस्तीचा निरोप लिहून ठेवलेला असणे ही कल्पना इतकी देखणी आहे की तिच्या मोहात पडून पुरावा विसरण्याचा धोका असतो. विद्यार्थ्यांनी मोहात जरूर पडावे, पण पुरावा विसरू नये.

पुराव्याकडे येण्याआधी एक आकडा पाहा. माकार यांच्या प्रयोगात कोलॅजनवरचा परिणाम सर्वांत जास्त दिसला तो १०⁻⁹ मोलर या संहतीला. जीएचके-कॉपरचे रेणुवजन सुमारे ४००. म्हणजे एक लिटर द्रावणात अर्धा मायक्रोग्रॅमसुद्धा नाही. आता एक टक्का कॉपर पेप्टाइड असलेले सिरम घ्या. त्यात लिटरला १० ग्रॅम होतात, म्हणजे प्रयोगातल्या मात्रेच्या जवळजवळ अडीच कोटी पट. बाटलीतले सगळे काही पेशीपर्यंत पोचत नाही हे खरे, पण ‘आमच्यात दोन टक्के, त्यांच्यात एकच’ ही चढाओढ किती पोकळ आहे ते या आकड्यावरून कळते. प्रयोगात मात्रा त्या बिंदूपलीकडे वाढवली तेव्हा परिणाम वाढत गेला नाही. शरीरातला निरोप्या मोठ्याने ओरडला म्हणून काम जास्त होते असे नाही.

पोचण्याचा प्रश्न मात्र खरा आहे. त्वचेचा सर्वांत वरचा थर मृत पेशींचा आणि मेदाचा असतो. बाहेरचे आत येऊ नये हेच त्याचे काम, आणि पाचशे डाल्टनहून जड रेणूंना तो सहसा दाद देत नाही. जीएचके-कॉपर या रेषेच्या आत बसते, पण ते पाण्यात विरघळणारे आणि विद्युतभारित असल्यामुळे मेदाच्या भिंतीतून त्याची चाल मंद असते. होस्टिनेक, ड्रेअर आणि मायबाख यांनी माणसाच्या त्वचेचे तुकडे प्रयोगशाळेत ताणून बसवले आणि त्यांतून तांबे किती पार होते ते ४८ तास मोजले. काही पार झाले, काही त्वचेतच साठून राहिले. म्हणजे दार बंद नाही, किलकिले आहे. इतकेच सांगणे प्रामाणिक ठरेल.

आता माणसांवरच्या चाचण्या. या क्षेत्रात नवख्याची सर्वांत जास्त फसगत इथे होते, म्हणून जरा थांबून पाहू. मधुमेहामुळे पायाला झालेल्या जखमांवर जीएचके-कॉपरचे जेल वापरून १९९४ मध्ये मल्डर आणि सहकाऱ्यांनी उत्साहवर्धक निकाल छापले होते. मधुमेही जखमांवरचे मान्यताप्राप्त औषध मात्र त्यातून निघाले नाही. संशोधनाचा प्रवाह तिथून वळला तो प्रसाधनांकडे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या त्वचारोगतज्ज्ञांच्या वार्षिक परिषदेत लेडन आणि सहकाऱ्यांनी दोन अभ्यास सादर केले. एकात उन्हाने त्वचा जून झालेल्या ७१ स्त्रियांनी १२ आठवडे चेहऱ्याला कॉपर पेप्टाइडचे क्रीम लावले. दुसऱ्यात ४१ स्त्रियांनी डोळ्यांभोवती. बारीक सुरकुत्या कमी झाल्या, त्वचा घट्ट आणि जाड झाली, असे निष्कर्ष निघाले. आज कुठलीही जाहिरात उघडा, हे ७१ आणि ४१ तुम्हाला भेटतीलच. पण तो परिषदेतला गोषवारा होता, सहलेखकांत प्रसाधन कंपनीचे शास्त्रज्ञ होते, आणि सगळी मोजमापे तपासता येतील असा पूर्ण शोधनिबंध म्हणून तो आपल्यासमोर नाही. निष्कर्ष खोटे आहेत असे मी म्हणत नाही. एका गोषवाऱ्यावर वीस वर्षांचा बाजार उभा राहावा, हे त्या गोषवाऱ्याला पेलणारे ओझे नाही.

त्याच्या शेजारी २००६ चा एक छोटा अभ्यास ठेवून पाहावा. कार्बन डायऑक्साइड लेसरने चेहऱ्याची त्वचा सोलून काढल्यावर १३ रुग्णांपैकी काहींवर कॉपर पेप्टाइडची उत्पादने वापरली गेली. लाली किती लवकर ओसरते, हे मोजून पाहिले तेव्हा फारसा फरक आढळला नाही. रुग्णांना विचारले तेव्हा मात्र पेप्टाइड वापरणाऱ्यांनी आपली त्वचा एकूण अधिक सुधारल्याचे सांगितले. रुग्णाचे समाधान ही क्षुल्लक गोष्ट नव्हे. कोणी चेहऱ्याला काही लावतो ते शेवटी समाधानासाठीच. पण मोजपट्टी एक सांगते आणि मन दुसरे, तेव्हा दोन्ही लिहून ठेवायला हवे. मला स्वतःला हा १३ जणांचा कागद त्या गाजलेल्या गोषवाऱ्याहून अधिक शिकवून गेला.

त्वचेबद्दलचे माझे मत असे : कॉपर पेप्टाइड सौम्य आहे, त्याचा तर्क सुसंगत आहे, आणि सुरकुत्यांवर त्याचा थोडा उपयोग होणे शक्य आहे. पण ट्रेटिनॉइनसारख्या रेटिनॉइडांच्या मागे जितका पुरावा आहे, त्याच्या जवळपासही याचा पुरावा नाही. उन्हापासून संरक्षण करणाऱ्या क्रीमची जागा तर ते घेऊच शकत नाही. सनस्क्रीनचे पैसे वाचवून कोणी निळे सिरम घेत असेल, तर त्याला थांबवावे.

केसांची गोष्ट वेगळी आणि अधिक गुंतागुंतीची आहे, कारण इथे नावाच्या आड पदार्थच बदलतो. विस्कॉन्सिनमध्ये हिदेओ उनो यांनी १९९३ मध्ये उंदरांच्या एका जातीवर मिनॉक्सिडिल या केस वाढवणाऱ्या औषधाबरोबर एक कॉपर पेप्टाइड तपासले आणि त्यानेही केसांची मुळे मोठी होतात असे नोंदवले. २००७ मध्ये सोलमध्ये प्यो आणि सहकाऱ्यांनी माणसाच्या डोक्यावरून काढलेली केसांची मुळे प्रयोगशाळेत वाढवली. तांब्याच्या पेप्टाइडमुळे ती अधिक लांब वाढली, तीही अत्यंत विरळ मात्रेत. पण त्यांचे पेप्टाइड जीएचके नव्हते, एएचके होते. पहिल्या जागी ग्लायसिनऐवजी ॲलॅनिन. २०१६ मध्ये कोरियातच पुरुषी टक्कल असलेल्या ४५ जणांवर सहा महिन्यांची चाचणी झाली आणि केसांची संख्या वाढलेली दिसली. ही चाचणी कॉपर पेप्टाइडच्या नावावर सर्रास खपवली जाते. त्यातला पदार्थ होता जीएचके आणि ५-अमिनोलेव्युलिनिक आम्ल यांची जोडी. म्हणजे उंदरावर एक पेप्टाइड, काचेच्या बशीत दुसरे, माणसावर तिसरेच संयुग, आणि बाटलीवर चौथे नाव. या चौघांना एकच समजणे ही या क्षेत्रातली सर्वांत जुनी चूक आहे. ज्याचे केस वंशपरंपरेने विरळ होत आहेत, त्याला मिनॉक्सिडिल आणि, डॉक्टरांनी योग्य ठरवल्यास, फिनॅस्टराइड यांचाच आधार आज घ्यावा लागतो. सोबत कॉपर पेप्टाइड लावायला हरकत नाही. त्याऐवजी लावण्यात मात्र हाती असलेला काळ वाया जातो.

इथे एक शंका हमखास येते, विशेषतः आपल्या सावळ्या त्वचेच्या वाचकांकडून. मेलॅनिन बनवणारे विकर तांब्यावर चालते, कोजिक आम्लासारखी डाग कमी करणारी द्रव्ये त्याच विकराचे तांबे जखडून काम करतात, मग कॉपर पेप्टाइडने चेहरा काळवंडेल का आणि पांढरे केस काळे होतील का? मेंढीची गोष्ट वाचल्यावर हा तर्क सुचणारच. पण ज्याच्या शरीरात तांब्याची कमतरता नाही, त्याच्या टायरोसिनेजला तांब्याचा तुटवडा नसतो. पेशीत आलेले तांबे कुठल्या विकराकडे जाईल हे वाहक प्रथिने ठरवतात, बाटली नाही. वयाने केस पांढरे होतात ते मुळाशी रंगपेशींचा साठा संपत गेल्याने. तिथे तांबे ओतून काही साधत नाही.

तांब्याच्या भांड्यातल्या पाण्याबद्दलही इथेच सांगतो. बंगळुरूच्या संशोधकांनी २०१२ मध्ये दाखवले की जुलाबाचे जंतू मिसळलेले पाणी तांब्याच्या भांड्यात १६ तास ठेवले की ते जंतू मरतात. ते काम मोकळ्या आयनांचे, आणि ते उत्तम आहे. पण त्याचा सुरकुत्यांशी किंवा केसांशी संबंध जोडू नये. केसांसाठी म्हणून तांब्याच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेणे तर सरळ धोक्याचे. विल्सनचा आजार असलेल्यांच्या यकृतात तांबे साठत जाते, आणि अशांनी तांबे असलेली कुठलीही गोष्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये.

उत्पादने बनवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. आम्लात ही पकड टिकत नाही. हिस्टिडिनच्या कड्यातल्या नायट्रोजनला आम्लातला प्रोटॉन चिकटला की तांब्याची जागा जाते. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ठेवलेले ताक कळकते तसेच हे : आंबट आले की धातू सुटतो. म्हणून सात टक्के, दहा टक्के ग्लायकॉलिक आम्लाबरोबर किंवा आम्लधर्मी क जीवनसत्त्वाच्या सिरमबरोबर एकाच वेळी हे लावू नये. क जीवनसत्त्वाच्या बाबतीत तर नुकसान दुहेरी आहे, कारण सुटलेले तांबे त्या जीवनसत्त्वाचे झपाट्याने ऑक्सिडीकरण करते. सकाळी एक, रात्री दुसरे असे ठेवले की प्रश्न मिटतो. दुसरी गोष्ट ईडीटीएची. प्रसाधनांत धातूंचे अंश पकडायला ते सर्रास घालतात, आणि त्याची पकड जीएचकेहून बळकट असते. पेप्टाइडच्या हातचे तांबे ते हिसकावून घेते. द्रावणाचा गडद निळा रंग फिका पडला, हिरवट झाला, तर आत काही बिघडले आहे असे समजावे.

ग्राहकांसाठी लेबल. ‘कॉपर ट्रायपेप्टाइड-१’ असे लिहिले असेल तर ते जीएचके-कॉपर. नुसते ‘ट्रायपेप्टाइड-१’ म्हणजे तांब्यावाचूनचे पेप्टाइड. ‘पामिटॉइल ट्रायपेप्टाइड-१’ म्हणजे त्याच पेप्टाइडला मेदाम्लाची शेपटी जोडलेली. तो वेगळा पदार्थ आहे आणि त्याचा पुरावाही वेगळा तपासायला हवा. घटकांची यादी न छापणाऱ्या बाटलीला हात लावू नये.

गेल्या काही वर्षांत जनुकांच्या भाषेत मोठे दावे होऊ लागले आहेत. त्यांना एक खरा पाया आहे. २०१२ मध्ये बॉस्टनच्या संशोधकांना धूम्रपानाने झिजलेल्या फुप्फुसांतल्या जनुकांचा बिघडलेला नमुना उलटवू शकेल असा रेणू संगणकावर शोधताना जीएचके सापडला, आणि पेशींवर तपासला तेव्हा काही परिणाम दिसलाही. हे काम गंभीर आहे. त्यावरून ‘हजारो जनुके तरुण करणारे सिरम’ इथपर्यंत मारलेली उडी गंभीर नाही. एखादे जनुक किती व्यक्त होते यात फरक पडणे आणि माणूस बरा होणे यांच्यामध्ये फार मोठे अंतर असते. वाचकाने हेही ध्यानात घ्यावे की या विषयावरचे सर्वाधिक उद्धृत होणारे अनेक आढावे खुद्द पिकार्ट यांनी लिहिलेले आहेत आणि कॉपर पेप्टाइडची उत्पादने विकणारी कंपनीही त्यांची होती. रक्तातले जीएचके विसाव्या वर्षी मिलिलिटरला २०० नॅनोग्रॅम असते आणि साठीत ८० वर येते, हा सगळीकडे छापला जाणारा आकडाही त्यांच्याच लेखनातून आलेला. शोधकाबद्दल मला आदर आहे. तरीही ज्याने शोध लावला त्याच्याखेरीज इतरांनी तो पुन्हा पुन्हा तपासावा, ही विज्ञानाची साधी रीत आहे.

एका गोष्टीबाबत मात्र मला नुसते सावध करायचे नाही, स्पष्ट नकार द्यायचा आहे. ‘फक्त संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावलेल्या कुप्या मागवून लोक जीएचके-कॉपर स्वतःला टोचून घेत आहेत. वजनाने त्यात सुमारे सोळा टक्के तांबे असते. ५० मिलिग्रॅमच्या कुपीत आठ मिलिग्रॅम. त्वचेचे किलकिले दार आणि आतड्याची चाळणी, दोन्ही टाळून ते थेट शरीरात जाते. कुपी निर्जंतुक आहे का, आत खरेच काय आहे, याची हमी कोणी देत नाही. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२३ मध्ये टोचण्यासाठीचे जीएचके-कॉपर, औषधविक्रेत्यांनी तयार करून देण्याच्या दृष्टीने लक्षणीय धोका संभवणाऱ्या पदार्थांच्या वर्गात टाकले. आपल्याकडे औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० नुसार प्रसाधन म्हणजे अंगाला चोळायचे, लावायचे, शिंपडायचे, फवारायचे द्रव्य. सुई त्यात बसत नाही. घरी सुयांचा रोलर चेहऱ्यावर फिरवून लगेच त्यावर हे सिरम ओतणे हाही त्याच वाटेवरचा प्रकार आहे, आणि तोही करू नये.

मग या क्षेत्रात नव्याने येणाऱ्याने करावे काय? पुष्कळ करण्यासारखे आहे. महाराष्ट्रातल्या वैद्यकीय महाविद्यालयांत त्वचारोग विभागाच्या बाह्यरुग्ण कक्षात केस गळण्याच्या तक्रारी घेऊन येणाऱ्यांची रांग कधी सरत नाही. आपल्या औषधनिर्माणशास्त्राच्या महाविद्यालयांत सिरम बनवणारे, पकडीची ताकद मोजणारे, त्वचेतून काय पार होते ते पाहणारे हात आहेत. या दोघांनी एकत्र यावे. एकच पेप्टाइड, त्याची एकच ठरलेली मात्रा, शेजारी त्याच रंगाचे पण पेप्टाइड नसलेले द्रावण, आणि कोणाला काय मिळाले हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरलाही नाही, अशी किमान सहा महिन्यांची चाचणी आपल्या लोकांच्या त्वचेवर आणि आपल्या लोकांच्या डोक्यावर करावी. केस मोजावेत, छायाचित्रे घ्यावीत, रुग्णाचे म्हणणेही लिहून घ्यावे. खर्च कोणी केला ते पहिल्या पानावर सांगावे. आणि काहीच फरक दिसला नाही, तरी तो निबंध छापायला पाठवावा. फरक दिसल्याच्या बातम्या छापायला माणसे पुष्कळ आहेत.

तुमच्यापैकी कोणी असे काम हाती घेतले, तर पुढच्या आवृत्तीची प्रस्तावना तुम्हीच लिहावी, अशी माझी विनंती आहे.